‘आदिवासी कापड’ नव्हे, शिपिबो स्त्रियांचे केने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील घरसजावटीच्या लेखासोबत एका दिवाणखान्याचे मोठे छायाचित्र होते. भिंतीवर तपकिरी रंगाचे, काळ्या रेषांच्या जाळीने भरलेले एक वस्त्र टांगलेले होते आणि खाली ‘ॲमेझॉनच्या जंगलातील आदिवासी कापड’ एवढाच मजकूर होता. मी गेली बावीस वर्षे वनस्पतिजन्य रंगांनी कापड रंगवण्याचे काम करते. त्यामुळे ते चित्र पाहताच माझी नजर तिथे खिळली आणि तो मजकूर वाचून तितकेच वाईटही वाटले. पेरू देशातील उकायाली नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या शिपिबो-कोनिबो लोकांची ही कला असून तिला ते ‘केने’ म्हणतात. ती प्रामुख्याने स्त्रियांची कला आहे. पेरूने २००८ साली तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आहे. इतकी स्पष्ट ओळख असलेल्या कलेला आपण ‘आदिवासी कापड’ म्हणून मोकळे होतो, तेव्हा ते करणाऱ्या बाईचे नाव पुसण्याचे काम दुकानदाराच्या आधी आपणच केलेले असते.

माझ्याकडे अशी दोन कापडे आहेत. एक माझ्या भाच्याने पेरूची राजधानी लीमाहून आणले आणि दुसरे मी पुण्यातील एका प्रदर्शनात, ‘ॲमेझॉनचे विधीवस्त्र’ अशी पाटी वाचून, बऱ्यापैकी किंमत देऊन घेतले. घरी आणून दोन्ही शेजारी पसरली आणि माझी मलाच लाज वाटली. प्रदर्शनातले कापड कृत्रिम धाग्याचे निघाले. त्यावरची नक्षी यंत्रावर छापलेली होती आणि दर चौदा इंचांवर तोच कोपरा, त्याच जाडीच्या रेषेसह, पुन्हा येत होता. भाच्याने आणलेल्या सुती कापडावर मात्र एकही कोपरा दुसऱ्यासारखा नाही. लांबून पाहिले तर नक्षी दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळलेली वाटते, पण बोट फिरवत गेले की एका ठिकाणी रेष किंचित जाड झालेली, दुसऱ्या ठिकाणी वळण घेताना जरा थबकलेली जाणवते. या स्त्रिया आधी आराखडा काढत नाहीत आणि पट्टीही वापरत नाहीत. कापड मांडीवर घेऊन आधी जाड रेषा ओढायच्या, मग त्यांच्या मधल्या जागा बारीक रेषांनी भरत जायच्या, असा त्यांचा क्रम असतो, आणि सगळे माप नजरेत असते.

त्यांच्या रंगाची रीत आपल्याकडील रंगाऱ्याला चटकन उमगेल अशी आहे. महोगनीच्या सालीच्या काढ्यात कापड पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवायचे, म्हणजे त्याला तपकिरी रंग चढतो. नक्षीचा काळा रंग येतो तो नदीकाठच्या लोहयुक्त चिखलामुळे, कारण सालीतील तुरट द्रव्य आणि चिखलातील लोह एकत्र आले की धुऊनही न जाणारा काळा रंग तयार होतो. आपल्याकडे तुरट हिरडा आणि लोहयुक्त हिराकस यांपासून शाई करत, ती याच गुणामुळे. इतक्या दूरच्या दोन प्रदेशांतील माणसांना हे आपापल्या अनुभवातून सापडले, याचे मला कौतुक वाटते. पण महोगनीची बेसुमार तोड झाली आहे, आणि २००३ पासून तिच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आणावा लागला आहे. जंगलच राहिले नाही तर साल कुठून आणायची, हा प्रश्न या कापडाच्या प्रत्येक खरेदीत दडलेला आहे.

या कापडाला विधीवस्त्र म्हणणे सर्वस्वी चूक नाही. केनेच्या साऱ्या आकृती रोनिन नावाच्या आदिम महासर्पाच्या कातडीवर आहेत, अशी शिपिबो लोकांची श्रद्धा आहे. मुलीला नक्षी ‘दिसू’ लागावी म्हणून पिरिपिरी नावाच्या, आपल्या नागरमोथ्याच्या कुळातील वनस्पतीचा रस तिच्या डोळ्यांत घालण्याची प्रथा आहे. उपचार करणाऱ्यांच्या गाण्यांशीही या आकृतींचे नाते सांगितले जाते. मात्र इथेच व्यापाऱ्यांचे फावते. ‘ही नक्षी म्हणजे गाण्याची स्वरलिपी आहे, जाणकार बोट फिरवून ती गाऊन दाखवतो,’ असे विकणारे सर्रास सांगतात. १९८०च्या दशकातील संशोधनातून पुढे आलेली ही कल्पना नंतरच्या अभ्यासकांनी फारशी मान्य केलेली नाही, तरीही ग्राहकाला ती भुरळ घालते आणि वस्तूची किंमत वाढवते. वाढलेली ती किंमत चिखलात हात घालणाऱ्या बाईपर्यंत कितपत पोहोचते, हे मात्र कोणी विचारत नाही.

रास्त दर मिळाला की व्यापार नैतिक झाला, असे आपण धरून चालतो. मला हे अपुरे वाटते. विधीशी जोडलेल्या वस्तूंच्या बाबतीत दराच्याही आधी संमतीचा प्रश्न येतो. काय विकायचे, कोणत्या रूपात विकायचे आणि काय कधीच विकायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाचाच असला पाहिजे. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संमत केलेल्या आदिवासी लोकांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात आपल्या सांस्कृतिक वारशावर नियंत्रण ठेवण्याचा त्यांचा हक्क मान्य केलेला आहे आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिलेले आहे. परंतु जाहीरनामा कायद्याइतका बंधनकारक नसतो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत पारंपरिक कलाविष्कारांच्या संरक्षणावर २००१ पासून बैठका चालू आहेत. मे २०२४ मध्ये एक करार झालाही, पण तो जनुकीय संसाधने आणि त्यांच्याशी निगडित ज्ञान यांच्यापुरता आहे, नक्षीला त्याचा आधार नाही. वारशाचा दर्जा मिळाल्याने पेरूत मान मिळाला, तरी परदेशातील छापखाना त्यामुळे थांबत नाही.

विक्रीला माझा विरोध नाही, आणि बहुसंख्य शिपिबो स्त्रियांचाही नाही. पुकाल्पा शहराजवळच्या यारिनाकोचा परिसरात, तसेच लीमातील कांतागायो वस्तीत कितीतरी कुटुंबांचे पोट याच कामावर चालते. कांतागायोत नोव्हेंबर २०१६ मध्ये आग लागून शेकडो घरे जळाली. जिथे घर हीच कार्यशाळा, तिथे छपराबरोबर विकायला ठेवलेला माल आणि अवजारेही गेली. त्यानंतर त्याच स्त्रिया पुन्हा कामाला लागल्या. ओलिंदा सिल्वानो यांच्यासारख्या कलावतींनी भिंतीच्या भिंती केनेने रंगवल्या. सारा फ्लोरेस यांची कामे आज आंतरराष्ट्रीय कलादालनांत त्यांच्या स्वतःच्या नावाने लागतात. नाव लागले की काय होते ते इथे दिसते. ज्या बाईचे नाव लागत नाही, तिला वीतभर कापडाच्या मोलासाठीही घासाघीस सोसावी लागते.

संमतीशिवाय गेलेल्या वस्तूचे काय होते, याचे एक उदाहरण २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये दिसले. अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलातील तुपिनाम्बा लोकांचा, लाल शराटी पक्ष्यांच्या पिसांचा विधीसाठीचा एक झगा सतराव्या शतकापासून डेन्मार्कमध्ये होता. तो डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने परत केला आणि तो रिओतील राष्ट्रीय संग्रहालयात आला, पण आपल्या रीतीने त्याचे स्वागत करू दिले नाही म्हणून तुपिनाम्बांनी नाराजी व्यक्त केली. त्यांच्या दृष्टीने तो पूर्वज होता. असे पिसांचे शिरोभूषण किंवा झगा आज आठवण म्हणून विकत घेऊन मायदेशी आणण्याचा मोह कोणाला झाला, तर ब्राझीलमध्ये वन्यजीवांच्या अशा व्यापाराला कायद्याने बंदी आहे आणि अनेक मकाव पक्षी आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत आहेत, हेही प्रवासी कंपन्यांनी सांगायला हवे.

हा विषय मराठी वाचकाला परका नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्या कारागिरांचा उल्लेखही केला नाही, तेव्हा आपण सगळेच संतापलो. टीका झाल्यावर त्या कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, पालघट देवी त्यात येऊन बसते, आणि त्याच धर्तीची चित्रे आज चहाच्या कपांवर, पडद्यांवर, कार्यालयांच्या भिंतींवर छापली जातात. कोणती चित्रे घराबाहेर जावीत, हे वारली पाड्यांवर कोणी विचारायला गेले होते का? आपल्या माणसांसाठी जो प्रश्न विचारतो, तो उकायालीच्या काठच्या बाईसाठीही विचारायला हवा.

आपल्याकडे माझी मागणी साधी आहे. अशा वस्तूचे छायाचित्र छापताना त्याखाली समाजाचे आणि प्रदेशाचे नाव द्यावे. करणारी व्यक्ती माहीत असेल आणि तिची हरकत नसेल तर तिचेही नाव द्यावे. विक्रेत्यांच्या जाहिराती घेताना ‘हाताने केलेले’ आणि ‘छापील’ यांतला फरक लिहिण्याचा आग्रह धरावा. प्रदर्शनात जाणाऱ्या वाचकांनी कापड उलटून पाहावे, नक्षी ठरावीक अंतराने जशीच्या तशी पुन्हा येते का ते तपासावे, हे कोणी केले आणि पैसे त्यांच्यापर्यंत कसे जातात हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर वस्तू खाली ठेवावी. मी त्या दिवशी यातले काहीच विचारले नव्हते. भाच्याने आणलेल्या कापडासोबत मात्र, करणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने नाव आणि गाव लिहिलेली एक चिठ्ठी आहे. ती मी कापडाच्या मागच्या बाजूला टाचून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे