सुध्याला हे ऐकवायचं का?

प्रिय नंद्या,

तब्येत बरी. शुगर आटोक्यात आहे, गुडघा नाही. पुढे.

सुध्यानं परवा स्वतःहून फोन केला. त्याची मीना गेल्यापासूनचा शिरस्ता तुला ठाऊकच आहे. फोन आपण करायचा, त्यानं 'हं' म्हणायचं, आपणच ठेवायचा. परवा त्यानं केला, आणि बाकी काही न बोलता एकदम विचारलं, "त्या दोघांचं मधल्या काळात काही नवीन आलं का रे?" कोणत्या दोघांचं, हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. टिअर्स फॉर फिअर्स या ब्रिटिश बँडमधले रोलंड आणि कर्ट सोडून आपल्यात 'ते दोघे' दुसरे आहेत कोण!

मी म्हटलं, "आलंय. काढून ठेवतो." बोलून गेलो, आणि आता झोप नाही. वासंतीला वाटतंय गुडघ्यामुळे.

आलंय ते म्हणजे 'द टिपिंग पॉइंट' हा अल्बम. २०२२च्या फेब्रुवारीत आला तेव्हा मी तुला कळवलं होतं, आणि 'म्हाताऱ्यांनी आता नातवंडं सांभाळावीत' असं उत्तर तू पाठवलं होतंस. म्हाताऱ्यांनी ब्रिटनमध्ये दुसरा नंबर काढला आणि अमेरिकेत आठवा, तेव्हा तू गप्प. असो. तेव्हा मीना होती, त्यामुळे मी तो निव्वळ गाणी म्हणून ऐकला. शीर्षकगीताचा ठेका कसा झुलता आहे, त्यांच्याच जुन्या 'रूल द वर्ल्ड' गाण्याचा सख्खा भाऊ शोभेल असा, रोलंडचा आवाज साठीतही कसा टिकलाय, वगैरे. परवा फोन ठेवल्यावर पुन्हा लावला आणि दुसऱ्याच गाण्याला, म्हणजे त्या शीर्षकगीतालाच, बंद केला.

ते गाणं रोलंडच्या बायकोवर आहे रे. कॅरोलाइन २०१७ साली गेली. त्याआधी किती वर्षं आजारी होती. गाण्यातला माणूस हॉस्पिटलच्या वॉर्डात बसलाय आणि समोरचं माणूस कोणत्या क्षणी इथलं कमी आणि तिकडचं जास्त होतं, ते बघत बसलाय. बस, एवढंच. आणि चाल अशी की पाय आपोआप हलतो. मी माझा पाय हलताना पाहिला आणि सुध्या आठवला. आयसीयूच्या बाहेरच्या त्या बाकावर तोही असाच पाय हलवत बसायचा. तू होतास तिथे, तुला मी काय सांगू.

हे कोणाच्या बायकोवर आहे हे सुध्याला कळणारच नाही, असं म्हणशील. 'सफर द चिल्ड्रन' आठव. १९८३चा त्यांचा पहिला अल्बम 'द हर्टिंग', त्यातलं ते गाणं, आणि त्यात मधेच येणारा तो लहान मुलीसारखा आवाज. तो कॅरोलाइनचा, ही माहिती आपल्याला दिली कोणी? सुध्यानंच. दर वेळी, नव्यानं, जणू आपण पहिल्यांदाच ऐकतोय अशा थाटात. आणि गच्चीवर ती ओळ म्हणायची कोण? मीना. आपण तिघं बेसूर, आणि ती तेवढ्या एका ओळीपुरती यायची, म्हणायची आणि "आता अभ्यास करा" म्हणून खाली जायची. रोलंडचं लग्न १९८२चं, म्हणजे पहिल्या रेकॉर्डवर ती गातेय आणि या रेकॉर्डवर ती जातेय. हे सुध्या अर्ध्या मिनिटात जुळवेल.

मी म्हटलं, दुसरं आणि सातवं गाळून यादी करून देऊ. सातवंही तिच्यावरच आहे, 'प्लीज बी हॅपी', आणि ते तर झुलतही नाही, सरळ घुसतं. पण सुध्यासमोर गाणं गाळायचं? कॅसेट पुढे ढकलली म्हणून त्यानं तुला चप्पल मारली होती. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं, हा त्याचा एकमेव धर्म. (आठव्या गाण्याला मी स्वतः चहा टाकायला उठतो. त्याला सांगू नकोस.)

बरं, हा राहू दे, २००४चा देऊ, तोही त्यानं धड ऐकलेला नाही. तर त्याचं नाव काय? 'एव्हरीबडी लव्ह्ज अ हॅपी एंडिंग'. मी कव्हर हातात घेऊन बसलो आणि मला हसू आवरेना. वासंती आतून विचारते, "कोण आलंय?" मग २०२४चा लाइव्ह अल्बम, त्यात चार नवी गाणी आहेत. पण त्यातलं एक रोलंडनं नव्या बायकोसाठी लिहिलंय. शाबास! सुध्याच्या बहिणीनं स्थळाचा विषय काढल्यापासून तो तिच्याशी बोलत नाही.

आणि वाईट हे की अल्बम खरंच चांगला आहे. वाईट असता तर प्रश्नच नव्हता. कंपनीनं आणि मॅनेजरांनी आधी त्यांना हल्लीच्या हिट गाणी लिहिणाऱ्या पोरांबरोबर बसवलं होतं, काही वर्षं त्यात गेली, आणि निघालं ते सगळं तरुण दिसायची धडपड. दोघेही वैतागले. शेवटी सगळ्यांना घरी पाठवून फक्त दोघे बसले, दोन अकूस्टिक गिटार घेऊन, लॉस एंजेलिसमध्ये. कर्टच्या घरी. झालं तुझं समाधान? 'नो स्मॉल थिंग' तिथे सुरू झालं. सुरुवातीला नुसती गिटार आणि आवाज, शेवटी सगळं छप्पर उडतं. शाळकरी वयात बाथमध्ये सुरू केलं तसंच साठीला बसून केलं. पण गाणी लिहायची रोलंडनं आणि टाळ्या कर्टला, हे माझं मत आजही कायम आहे. कर्ट सोडून गेल्यावरचा १९९३चा अल्बम 'अर्धा बँड, अर्धे पैसे' म्हणून तू ऐकायला नकार दिला होतास, तो कधीतरी ऐक. कॅसेट तुझ्याकडेच पडून आहे, मला माहीत आहे.

शेवटचं गाणं मात्र कर्टचं, 'स्टे'. बँड सोडावा की राहावं, या घालमेलीत केलेलं. तुला मला त्यात त्यांचं भांडण ऐकू येईल, १९९१ची ती फूट ऐकू येईल. सुध्याला काय ऐकू येईल? राहा म्हणणारं कोण आणि जाणारं कोण? मला या गाण्याची शीर्षकगीताहून जास्त भीती वाटते.

एकदा वाटतं, देऊन टाकावा. आपण सगळे त्याच्याशी पाऊसपाण्याचं बोलतो, हा निदान त्या बाकावरचं बोलतो. मग वाटतं, घरी एकटा असतो तो, रात्री लावेल. त्याच्याबरोबर बसून ऐकावा तर मीच आधी रडेन आणि तो मला पाणी देत बसेल. वासंती म्हणते, त्यालाच विचारा. बायकांना सगळं सोपं असतं.

तुझं काय? लेकीच्या परीक्षेचं कळव. घराचं काम संपलं का? भाऊंना नमस्कार. तुझ्या नव्या साहेबाबद्दल सविस्तर नंतर ऐकेन, आत्ता डोकं जागेवर नाही.

रविवारी सुध्या जेवायला येतोय, तेव्हा मागणारच. त्याआधी फोन कर. मेसेज नको, तू 'बघ तुला' एवढंच लिहितोस. आणि येता आलं तर सरळ ये. तिघं असलो तर मी लावतो, पहिल्यापासून, क्रमानं. चप्पल बाहेर काढून ये.

तुझा,
दिल्या