राणी शोधू नका म्हणणाऱ्या ताईंना

ताई, फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "असू दे हो" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

मधमाश्यांची पेटी उघडली तर अंडी नाहीत, अळ्या नाहीत, माशांचा आवाजही नेहमीचा नव्हता, एकसारखं घुं घुं चाललेलं. ज्याला विचारावं तो म्हणे राणी गेली, नवीन आणून टाक. फक्त तुम्हीच विचारलंत की कामकरी माशांची बंद घरं (आत अळी वाढत असताना मेणाने झाकलेली) अजून दिसतात का? दिसत होती. मग तुम्ही फोनवरच हिशोब मांडलात. अंड्याची ३ दिवसांनी अळी होते, नवव्या दिवसाच्या आसपास घर बंद होतं आणि २१ व्या दिवशी कामकरी बाहेर येते, म्हणजे अंडी थांबून साधारण ९ ते २१ दिवस झालेत, आणि तेवढ्यात माशांनी स्वतःच नवी राणी तयार केलेली असू शकते. ती कुमारी (अजून मिलन न झालेली) राणी बारीक आणि चपळ असते, भल्याभल्यांना सापडत नाही, आणि ती आत असताना विकतची राणी सोडली तर माशा तिला बहुतेक मारूनच टाकतात. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं!

तुमचा उपाय मात्र फारच भारी. दुसऱ्या पेटीतली ताजी अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली पोळ्याची एक फ्रेम, माशा झटकून (त्या पेटीची राणी चुकून सोबत जाऊ नये म्हणून आधी बघून), हिच्यात ठेवायची आणि ४-५ दिवसांनी बघायचं. राणीघरं (नवी राणी वाढवायची खास घरं) बांधायला घेतली तर राणी नाही, नाही बांधली तर बहुतेक आहे. आमच्या माशांनी एकही बांधलं नाही. त्यावर तुम्ही म्हणालात आता पेटीला हात लावू नका, दुपारी तर नाहीच, ती मिलनाला बाहेर जाते आणि परत येताना गडबडते. कुमारी राणी अंडी घालायला लागेपर्यंत २-३ आठवडे सहज जातात, हे माहीत असूनही वाट बघणं अवघडच गेलं.

आता अंडी आहेत ताई! ऊन पाठीमागून घेऊन फ्रेम तिरकी धरून बघितलं, एका घरात एकच आणि अगदी तळाशी, म्हणजे राणी नसताना कधी कधी कामकरी माशा घालतात तसली नाहीत. तसं असतं तर एकेका घरात तीन-चार आणि भिंतींना चिकटलेली दिसली असती, हेही तुमच्याकडूनच कळलं.

राणी अजून दिसलेली नाही. पुढे सहज ओळखता यावी म्हणून तिच्यावर रंगाचा ठिपका टाकायला मात्र तुम्हीच या, तिला बोटांत धरायची माझी हिंमत नाही.