पळणाऱ्या लेकीस, बांधकाम खात्यातल्या बापाकडून

सातारा, २० जुलै

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पावसाचं निमित्त करून घरी बसले तर जानेवारीत बेचाळीस किलोमीटर कोण पळणार?" मुद्दा बिनतोड आहे. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे पाया घालायचा तो जून ते सप्टेंबरातच. आम्ही खात्यात पावसाळ्यात पायाचं काम काढायला नाही म्हणायचो, पण तुमच्या या कामाला इलाज नाही. तेव्हा पळ. आई म्हणते आहे, तुम्ही एसटी सोडून आयुष्यात कशाच्या मागे धावला नाहीत, तुम्ही काय सांगणार तिला. खरं आहे. पण मी पळण्याबद्दल बोलतच नाहीये. रस्त्याबद्दल बोलतोय, आणि तो विषय माझा आहे. फोनवर तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतेस म्हणून हे कागदावर.

तुझी सगळी चिंता वरून पडणाऱ्या पाण्याची. जॅकेट कुठलं घेऊ, मोबाइल कशात गुंडाळू. अगं, वरचं पाणी गरीब असतं, अंगावरून ओघळून जातं. माणसाला पाडतं आणि आजारी करतं ते खाली साचलेलं पाणी. त्यामुळे पहाटे उठून आभाळाकडे बघत बसू नकोस. खाली गल्लीत बघ आणि मग ठरव.

रस्ता सपाट नसतो हे तुला लहानपणी मी स्कूटरवरून दाखवलं होतं, आठवत असेल तर. मधोमध उंच, दोन्ही कडांना उतरता. त्याला कॅम्बर म्हणतात. डांबरी रस्त्याला मीटरमागे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर. पाणी कडेला जावं आणि गटारात पडावं म्हणून ही सोय. गटार तुंबलं की पाणी कडेलाच राहतं, आणि पळणारी माणसंही नेमकी कडेनेच पळतात. मग डबकं चुकवायला तुम्ही हळूहळू रस्त्याच्या मध्ये सरकता, पहाटेचा अंधार, पावसात काच पुसत येणारा टेम्पोवाला. हे गणित मला मुळीच आवडत नाही. म्हणून मोठ्या रस्त्यावर नेहमी समोरून येणारी गाडी दिसेल त्या बाजूने पळ, आणि डबक्यापाशी मध्ये सरकण्याऐवजी थांबून चालत पुढे जा. घड्याळातली मिनिटं गेली तर गेली.

कॅम्बरचं दुसरं लफडं म्हणजे कायम एकाच कडेने पळालं की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडत राहतो. जूनमध्ये तुझा डावा गुडघा बाहेरच्या अंगाने दुखत होता ना? मी डॉक्टर नाही, पण तू तेव्हा रोज डाव्या कडेने वरळीपर्यंत जात होतीस. शिवाजी पार्कला फेऱ्या मारत असशील तर अर्ध्या फेऱ्या उलट दिशेने मार. लोक विचित्र नजरेने बघतील, बघू देत.

आता डबकं वाचायला शिक. आजूबाजूचं पाणी नितळ आणि एकाच डबक्यातलं तांबूस, गढूळ दिसलं, तर खालचा मुरूम उघडा पडलाय असं समज. तो खड्डा खोल असणार. डबक्याच्या काठाला सुटी खडी पसरलेली असेल तर खड्डा ताजा आहे आणि त्याची कड धारदार आहे. डांबराच्या भेगेत पाणी शिरतं, वरून चाकं दाबतात, ते पाणी पिचकारीसारखं आतल्या आत फिरतं आणि खडीला धरून ठेवलेलं डांबर सोडवतं. म्हणून काल नव्हता तो खड्डा आज असतो. कालच्या रस्त्यावर भरवसा ठेवून कानात गाणी लावून पळू नकोस.

आणि तुमच्या मुंबईचे ते पेव्हर ब्लॉक! डांबरी रस्त्यातला खड्डा पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक टाकून बुजवायची कल्पना ज्याच्या डोक्यात प्रथम आली, त्याला मला एकदा भेटायचंय. दोन दिवसांत त्यातला एक खाली बसतो, शेजारचा बोटभर वर राहतो. गाडीच्या चाकाला फरक पडत नाही, पळणाऱ्याच्या अंगठ्याला पडतो. तिथे पाय उचलून टाक. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि उड्डाणपुलांच्या सांध्यातल्या लोखंडी पट्ट्या, या तिन्हींवर ओल्या बुटाने वळायचं नाही. सरळ जायचं, पाऊल छोटं टाकायचं. उघडीप होऊन चार दिवसांनी पहिली सर येते तेव्हा तर जास्तच जप. साचलेलं तेल आणि धूळ त्या सरीत वर येते. दोन दिवस धो धो पडून गेल्यावरचा रस्ता त्यामानाने धुतलेला असतो.

दादरजवळच्या हिंदमाता चौकात साचणाऱ्या पाण्यात मात्र पाय घालायचा नाही. तिथे कुणाचंही काही ऐकून न घेता घरी फिरायचं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर गाडी सोडून पाण्यातून चालत घराकडे निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. शहर माहीत असलेला माणूस होता तो. पाणी ओसरावं म्हणून लोक झाकण काढतात, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. पाणी एका जागी गोल फिरताना दिसलं, किंवा पाण्यात कुणी काठी, फांदी खोचून ठेवलेली दिसली, तर तो इशारा आहे. दुसरं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदरांचं मूत त्या पाण्यात असतं, आणि तुझ्या पायाला फुटलेले फोड कायमचेच. नाइलाजाने कधी त्या पाण्यातून यावं लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धू आणि बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना दाखव. ताप येण्याची वाट बघायची नाही. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुझा पळणाऱ्यांचा ग्रुप नाही.

मरीन ड्राइव्हला जाशील तेव्हा भरतीची वेळ बघूनच जा. पेपरात रोज छापून येते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्यात जोराचा पाऊस, म्हणजे लाट कठड्यावरून आत. लाटेबरोबर दगड आणि कचराही येतो. तसल्या दिवशी बघायला जायचं असेल तर छत्री घेऊन जा, बूट घालून नको.

जॅकेटबद्दल विचारलंस म्हणून तेही लिहितो. तू जे परदेशी व्हिडिओ बघतेस त्यातला पाऊस वेगळा आणि आपला वेगळा. २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन शोधून बघ. एप्रिलची १६ तारीख, हाडं गोठवणारा पाऊस, तोंडावर वारा. भलेभले मध्येच थांबले. आणि पुरुषांत जिंकला कोण, तर युकी कावाउची, जपानमधल्या सायतामा प्रांताचा सरकारी नोकर. शाळेच्या कचेरीत पूर्णवेळ काम करून पळणारा माणूस, २ तास १५ मिनिटं ५८ सेकंद! महिलांत डेझिरी लिंडेन पहिली, आणि दुसरी आलेली सारा सेलर्स पूर्णवेळ नर्स होती. सरकारी नोकर काही करत नाहीत असं कुणी म्हणालं की मी तेव्हापासून कावाउचीचं नाव तोंडावर मारतो. तर सांगायचं काय, तिथे पाऊस अंगातली ऊब काढून घेतो, म्हणून त्यांना जॅकेट. जुलैतल्या मुंबईत हवेत इतकी ओल असते की घाम वाळतच नाही. त्यात तू प्लास्टिकचं जॅकेट घातलंस तर आतल्या आत उकडून निघशील. साधा पातळ टी-शर्ट घाल, सुती नको, सुती कपडा पाणी पिऊन जड होतो आणि कातडी सोलतो. पुढे झाप असलेली टोपी घाल, डोळ्यांत पाणी जाणार नाही. मांड्यांना आणि काखेला खोबरेल किंवा व्हॅसलीन. पावसात तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नकोस, घाम तेवढाच जातो. लिंबू-मीठ-साखरेची बाटली बरोबर ठेव. आणि थांबलीस की लगेच ओले कपडे बदल, मग गप्पा मार. हे शेवटचं आईचं.

विजेचं वेगळं सांगतो. ऐन जुलैत आपल्याकडे गडगडाट कमीच असतो. तो जूनच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात जास्त. तेव्हा गडगडाट ऐकू आला की त्या दिवसाचं पळणं संपलं. झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत शिरायचं. असल्या दिवशी जिममध्ये पट्ट्यावर पळालीस म्हणून कुणी तुझं नाव यादीतून काढणार नाही.

बूट दोन जोड हवेत, पैसे मी पाठवतो, वाद नको. आतले तळवे काढायचे, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन-तीन तासांनी बदलायचे, वर पंखा लावायचा. गॅसपाशी किंवा हीटरपुढे ठेवलेस तर तळाचा गोंद सुटतो. ओल्या बुटांची एवढी कटकट करतेस म्हणून एक गंमत सांगतो. आपल्या जिल्ह्यातली ललिता बाबर, माण तालुक्यातल्या मोहीची. तिकडे महाबळेश्वरसारखा पाऊस कसला, वर्षाला पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक देवाला नारळ फोडतात. ही पोरगी मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४, ओळीने तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली. मग २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत जाऊन दहावी आली. त्या शर्यतीत सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते, बूट पहिल्याच उडीत भिजतात. दुष्काळी गावातल्या मुलीने नाव काढलं ते ओल्या बुटांत!

आता सप्टेंबरातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन. शर्यतीचा मार्ग आपल्याच घराजवळून जाणार याचा आनंद आहे. समर्थ मंदिरावरून बोगदा, मग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे आणि त्याच वाटेने परत, एकवीस किलोमीटर. शर्यतीच्या दिवशी रस्ता तुमचाच असतो, पण ऑगस्टमध्ये तू सरावाला येणार आहेस तेव्हा तो सगळ्यांचा असेल, म्हणून नीट वाच. घाटातला रस्ता म्हणजे अर्धा डोंगर कापून काढलेला आणि अर्धा दरीकडे भराव टाकून केलेला. कापलेल्या बाजूला वरून दगड येतो, भरावाच्या बाजूला साइडपट्टी पाण्याने पोखरलेली असते, वरून गवत हिरवंगार आणि खाली पोकळ. दोन्ही कडांपासून हातभर आत राहा. रस्त्यावर दगड पडलेला दिसला तर त्याची फुटलेली बाजू बघ. कोरी, चकचकीत असेल तर तो आत्ता आलाय आणि त्याची भावंडं वर वाट बघतायत. डोंगराकडच्या गटारातलं पाणी एकाएकी लाल झालं, बारीक खडे टपटप पडायला लागले, किंवा एखादा खांब काल सरळ होता आणि आज कलला, तर तिथूनच मागे फिरायचं. घाटात नोकरी करताना या खुणांवर आम्ही वाहतूक थांबवलेली आहे, आणि शिव्याही खाल्ल्यात.

धुकं असेल तर भडक रंग घाल, तुझा तो राखाडी टी-शर्ट धुक्यात विरघळतो. चढ तुला जमेल, दमशील तेव्हा चाल. मला भीती उताराची आहे. परतताना सगळे मोकाट सुटतात. ओल्या मोज्यात पाय पुढे सरकतो, बोटं बुटाला आपटतात आणि दुसऱ्या दिवशी नखं काळी. आदल्या आठवड्यात नखं काप, बुटाची नाडी घोट्याकडे घट्ट बांध, पावलं आखूड टाक, टाचेवर ब्रेक लावू नकोस.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी येतेस ना? रविवारी पहाटे मी स्कूटर घेऊन मागे राहीन, पिवळे दिवे लावून. तुला लाज वाटत असेल तर शंभर मीटर अंतर ठेवतो.

तुझा,
बाबा

ता.क. आई विचारते आहे, पळायच्या आदल्या रात्री भात करू की पोळ्या? गेल्या वेळी तुझ्या ग्रुपमधल्या त्या दोघी जेवायला आल्या होत्या, त्याही येणार असतील तर आधी सांग. आंबेमोहोर संपत आलाय, आणावा लागेल.