बनवणारा वेगळा, तपासणारा वेगळा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद,

तुझा निरोप वाचला. सहकाऱ्याने स्वतःच्या हाताने दोन सीटचं विमान बांधलंय आणि पुढच्या महिन्यात तो तुला त्यातून सिअ‍ॅटलभोवती फिरवून आणणार, म्हणून स्वारी खूश आहे. आई लगेच "मुळीच जायचं नाही" म्हणाली. मी तसं म्हणणार नाही. पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मध्येच विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या शहराच्या उत्तरेला एव्हरेट आहे ना, तिथेच ओशनगेट कंपनी होती. तिची टायटन पाणबुडी १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकचे अवशेष बघायला उतरली आणि पावणेदोन तासांच्या आत चिरडून गेली. टीव्हीवर मात्र पुढचे चार दिवस आतला ऑक्सिजन किती तास पुरेल याचीच चर्चा चालू होती. टायटॅनिक ३,८०० मीटर खोल आहे. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ३८० किलोंचा दाब असतो. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली, त्यामुळे दाबाचे आकडे वाचले की मला पुढे काय झालं असेल ते डोळ्यांसमोर दिसतं.

बॉयलरमध्ये दाब आतून असतो, पाणबुडीवर बाहेरून. कार्बन फायबर ताण सोसायला फार चांगलं, पण बाहेरून वारंवार दाबलं तर त्याचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि वरून बघून ते कळत नाही. टायटनचा मधला नळकांड्यासारखा भाग त्याचाच होता, सुमारे पाच इंच जाड. आपल्या चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेत मत्स्य ६००० ही खोल समुद्रात माणसं नेणारी पाणबुडी बांधताहेत, त्यात माणसं बसतात तो गोळा ८० मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियम मिश्रधातूचा आहे. कंपनीला नवा पदार्थ वापरायचा होता, वापरावा. नवं काही करूच नये असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण मग तपासणी दुप्पट कडक हवी होती, आणि तिथे ती कुणा बाहेरच्याकडून झालीच नाही. जहाजं-पाणबुड्या तपासून दाखला देणाऱ्या स्वतंत्र संस्था असतात, त्यांना वर्गीकरण संस्था म्हणतात; त्यांपैकी कुठल्याही संस्थेचा दाखला टायटनला नव्हता.

डेव्हिड लॉक्रिज नावाचा त्यांचाच सागरी विभागाचा प्रमुख होता. जानेवारी २०१८ मध्ये त्याने लेखी अहवाल दिला की या कवचाची आतून नीट तपासणी झालेली नाही आणि समोरच्या खिडकीला हमी फक्त १,३०० मीटरपर्यंतची आहे. त्याला नोकरीवरून काढलं. दोन महिन्यांनी या क्षेत्रातल्या तीसहून अधिक जाणकारांनी कंपनीच्या प्रमुखाला, स्टॉकटन रशला, इशाऱ्याचं पत्र लिहिलं. उपयोग शून्य.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो जुलै २०२२ चा. एका फेरीत वर येताना पाणबुडीत मोठा आवाज झाला. कवचावर बसवलेल्या सेन्सरची नोंद त्यानंतर बदलली. म्हणजे यंत्र स्वतः सांगत होतं! तरी फेऱ्या थांबल्या नाहीत, आणि पुढचा हिवाळाभर ती कॅनडाच्या थंडीत उघड्यावर पडून होती.

आमच्याकडे एका वर्षी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. इन्स्पेक्टर आला, बॉयलर पाण्याने गच्च भरून, दाब चढवून हायड्रॉलिक टेस्ट सुरू झाली. गेजचा काटा स्थिर होता, आम्ही निश्चिंत. तो मात्र टॉर्च घेऊन ड्रममध्ये जोडलेल्या एकेका ट्यूबच्या तोंडाशी थांबत होता. एका ठिकाणी त्याने फडक्याने पुसलं, थांबला, परत पुसलं. घाम फुटावा तसा तिथे बारीक थेंब पुन्हा जमत होता. त्याने दाखला दिला नाही. चेअरमनचे फोन आले, तरी नाही. त्याचा पगार कारखान्यातून होत नव्हता, म्हणूनच त्याला नाही म्हणता आलं. समारंभ पुढे ढकलला, ट्यूब बदलली.

टायटनवर असा नाही म्हणणारा कुणी उरला नव्हता. अडीच लाख डॉलर मोजणाऱ्यांना प्रवासी न म्हणता 'मिशन स्पेशालिस्ट' म्हणायचे, मृत्यूचा उल्लेख असलेल्या कागदावर सही घ्यायचे. त्यात सुलेमान दाऊद होता, एकोणीस वर्षांचा, वडिलांबरोबर गेलेला. आईने स्वतःची जागा त्याला दिली होती आणि ती वर जहाजावर वाट बघत होती. त्या माउलीचा विचार आला की मला पुढचं वाचवत नाही. सही करणाऱ्याला धोका माहीत होता असं म्हणतात. पण जे कंपनीने दडवलं, ते त्या पोराला कुठून माहीत असणार? अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय, हा अपघात टाळता आला असता.

आता तुझ्या विमानाकडे येतो. घरी बांधलेल्या विमानाला तुमच्याकडे 'एक्सपेरिमेंटल' प्रकारात परवाना मिळतो. हजारो लोक अशी विमानं नीट उडवतात, हे मी मान्य करतो. आत सूचना लावलेली असते की हे विमान नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही. ती बसण्याआधी वाच, लाजू नकोस. सुरुवातीचे चाचणीचे तास, बहुधा २५ किंवा ४०, प्रवासी न घेता पूर्ण करावे लागतात. ते झाले का, लॉगबुकमध्ये बघ. दर बारा महिन्यांनी तपासणी लागते, तिची तारीख बघ. आणि खरी ग्यानबाची मेख इथे आहे: विमान बांधणाऱ्यालाच त्या तपासणीवर सही करायचा परवाना मिळू शकतो. म्हणून त्याला सरळ विचार, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणा परवानाधारक मेकॅनिकने हे उघडून बघितलंय का? कधी? त्याने काय काय बदलायला सांगितलं?

चांगला कारागीर असेल तर हे प्रश्न ऐकून खूश होईल, तासभर बसून सगळं दाखवेल. चिडला, हसण्यावारी नेलं, की तू खाली राहा. मैत्री तुटली तरी चालेल.

लॉगबुकच्या त्या पानांचे फोटो मला पाठव, मीही नजर घालतो. आईला तोवर मी सांभाळतो.

तुझा,
बाबा