आधी दरवाजा मोजा, मग जहाज निवडा

सिंगापूर,
१० ऑगस्ट

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

जिजीला सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर न्यायचं ठरलं, फार बरं झालं. पण तुम्ही पाठवलेल्या जाहिरातींत जहाज किती मजली, घसरगुंड्या किती आणि रात्री कोणता शो, एवढंच आहे. जिजीच्या दृष्टीने त्यातलं काहीच कामाचं नाही. तिची सहल सुखाची होणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: न्हाणीघराचा उंबरा केवढा, आणि वाटेतल्या बंदरांत जहाज धक्क्याला लागतं की बाहेर नांगर टाकून उभं राहतं. इथे क्रूझच्या टर्मिनलवर वयस्कर माणसांची जी ओढाताण रोज दिसते, तिचं मूळ बहुतेक वेळा या दोहोंतच असतं. म्हणून पैसे भरायच्या आधी हे पत्र पुरतं वाचा.

साध्या केबिनचा दरवाजा साधारण २२ ते २४ इंच असतो. जिजीची घडीची व्हीलचेअर चाकांच्या बाहेरच्या कड्यांपर्यंत मोजा, २५-२६ इंच भरेल. म्हणजे ती उघडी आत जाणार नाही. जिजीला दारातच उठवायचं, खुर्ची मिटायची, मग धरून आत न्यायचं, आणि हे दिवसातून आठ-दहा वेळा. खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये ठेवू देत नाहीत. आग लागली तर तीच सुटकेची वाट असते. न्हाणीघराचं दार आणखी अरुंद, आणि जहाज डुललं की पाणी खोलीत येऊ नये म्हणून त्याला चार ते सहा इंचांचा उंबरा. रात्री दोनला उठणाऱ्या माणसासाठी जहाजावर याहून धोक्याची जागा नाही.

म्हणून ॲक्सेसिबल, म्हणजे व्हीलचेअरवाल्यांसाठी बनवलेली केबिनच मागा. तिचा दरवाजा ३२ इंचांच्या आसपास, न्हाणीला उंबरा नाही, भिंतीला धरायचे दांडे, शॉवरखाली बसायची घडीची पाटी, आणि खुर्ची वळायला सुमारे पाच फुटांची मोकळी जागा. हजारावर केबिन असलेल्या जहाजावरसुद्धा अशा केबिन मोजक्याच, त्यामुळे त्या सर्वांत आधी संपतात. जळगावचा एजंट 'मिळून जाईल' म्हणेल. त्यावर जाऊ नका. केबिन नंबर लेखी घ्या आणि जहाजाच्या नकाशात त्या नंबरावर व्हीलचेअरची खूण आहे का ते स्वतः बघा. 'अंशतः ॲक्सेसिबल' म्हणून एक प्रकार असतो, त्यात कधी दार रुंद पण न्हाणीचा उंबरा तसाच, म्हणून न्हाणीचं वेगळं विचारा. केबिन जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ असावी. हेलकावे टोकांना आणि वर जास्त जाणवतात.

ही केबिन मिळालीच नाही तर साध्या केबिनचा विचार करण्याआधी अंगणात एक परीक्षा घ्या. आपली वीट तीन इंच जाडीची. विटांचे दोन थर रचून सहा इंचांचा आडवा उंबरा करा. दोन्ही बाजूंना खुर्च्या ठेवून मध्ये २२ इंचांची फट सोडा. जिजीला लुगडं नेसलेलं असतानाच, एका हाताने खुर्चीचा आधार घेऊन, आत-बाहेर करू द्या. सकाळी एकदा आणि संध्याकाळी गुडघा सुजल्यावर एकदा. संध्याकाळी जमलं तरच जमलं म्हणा. उगाच 'होईल तिथे काहीतरी' करू नका.

आता बंदरं. मलेशियात पेनांगला जहाज थेट धक्क्याला लागतं, पोर्ट क्लांगलाही. थायलंडमधल्या फुकेतला मात्र बऱ्याचदा पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात आणि लहान टेंडर बोटीतून किनाऱ्यावर नेतात. जहाज आणि बोट दोन्ही वेगवेगळी वर-खाली होत असतात. मधली फट स्वतःच्या पायाने ओलांडावी लागते. खलाशी हाताला धरतात, पण माणसाला उचलून बोटीत घालत नाहीत, आणि लाटा वाढल्या की व्हीलचेअरवाल्यांना नाही म्हणतात. त्या दिवशी ते बोलतात ते बरोबरच असतं, वाद घालू नका. बुकिंग करताना प्रत्येक बंदरापुढे 'धक्का की टेंडर' हे लिहून मागा. टेंडरच्या दिवशी जिजी जहाजावरच राहील असं धरून चाला. जहाज रिकामं असतं, तो तिचा सगळ्यात निवांत दिवस होईल.

धक्क्यावर उतरायचा पूल, म्हणजे गँगवे, त्याचा उतारही भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. सकाळी सपाट असलेला दुपारी चांगलाच चढ-उताराचा होतो. तीव्र उतारावर खुर्ची पाठमोरी उतरवायची, तुम्ही खालच्या बाजूला. म्हणून कंबर धड असलेला कोणीतरी माणूस बरोबर हवा, दादा, आणि तुमची पाठ बघता तो बंटी असलेला बरा.

जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने फुकेतच्या बाजूला लाटा मोठ्या असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत सिंगापूरला पावसाचा जोर. मलाक्काची सामुद्रधुनी एरवी शांतच असते, त्यामुळे मळमळीची फार धास्ती नको. पण 'असू द्यावी' म्हणून जिजीला मळमळीची अव्होमिन गोळी देऊ नका. त्याने गुंगी येते, म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो आणि लघवी अडू शकते. डॉक्टरांना विचारूनच.

फॉर्ममध्ये 'चालता येतं का' या रकान्यात आपली माणसं अभिमानाने 'हो' लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो. खरं लिहा: वॉकरने घरात वीस-पंचवीस पावलं, जिना नाही, खुर्ची स्वतःची. विमानाच्या तिकिटावरही निदान ४८ तास आधी व्हीलचेअर नोंदवा. तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना येत नाही, पण सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात नाही. जिजीसाठी मधला. एजंट सवयीने पहिला टाकतो आणि मग विमानाच्या शिडीखाली उभं राहायची वेळ येते.

जहाजावरच्या खुर्च्या फक्त चढता-उतरताना आणि अडचणीच्या वेळी मिळतात, आठवडाभर वापरायला नाही. आपली आणा, मागची चाकं मोठी असलेली. चारही चाकं लहान असलेली हलकी खुर्ची उंबऱ्यांवर आणि लिफ्टच्या फटीत अडते. लिफ्टमध्ये खुर्ची उलटी ओढून न्या आणि ब्रेक लावा. जेवण किंवा शो सुटल्यावर लिफ्टला यात्रेसारखी गर्दी होते, पंधरा मिनिटं आधी उठा नाहीतर नंतर.

वहिनी, हे तुमच्यासाठी. बाल्कनी असेल तर तिचं दार आणि पॅसेजचं दार एकाच वेळी उघडं ठेवू नका. वारा आरपार घुसतो आणि जड दार धाडकन आपटतं. उभं राहताना जिजी नेहमी चौकटीला बिजागरीच्या बाजूने हात लावते, तीच बोटं सापडतात. आंघोळीसाठी स्टूल आणि उंच कमोडची बैठक आधी कळवली तर ठेवून देतात. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली रबरी सँडल घ्या. बुफेत वॉकर आणि ताट दोन्ही धरता येत नाहीत, म्हणून वाढपी असलेल्या हॉलमधली लवकरची ठरलेली पंगत आणि दाराजवळचं टेबल मागा. साखरेच्या गोळीची वेळही सांभाळली जाते. इन्सुलिन केबिनच्या छोट्या फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका, तो नुसता गार ठेवतो. औषधांचा वेगळा फ्रिज मागा, सुयांसाठी डबाही. आणि सगळी औषधं हातातल्या पिशवीत. मोठी बॅग टर्मिनलवर दिली की केबिनवर पोचायला काही तास लागतात.

सामान भरताना तीन गोष्टी काढून टाका. जिजीची मशेरी: तंबाखूचा असा कोणताही प्रकार सिंगापूरला आणता येत नाही. खसखस: इथे ती अमली पदार्थांत धरतात. त्यामुळे खसखस घातलेला घरचा काळा मसालाही नको. आणि झोपेच्या किंवा कोडीन असलेल्या गोळ्या असतील तर त्यांना इथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागू शकते, चिठ्ठी मला पाठवा, मी बघतो. मशेरीची सवय मात्र महिनाभर आधी सोडवायला घ्या, नाहीतर चार दिवस तिची चिडचिड सोसावी लागेल.

जहाज सुटण्याच्या सुमारास सुरक्षेची कवायत असते, ती चुकवू नका. संकटात लिफ्ट बंद असतात. जिजीचं नाव मदत लागणाऱ्यांच्या यादीत आहे का आणि जिन्याने न्यायची खुर्ची कोण आणणार, हे त्याच वेळी विचारून घ्या.

किनाऱ्यावरच्या सहलींत मोठी बस टाळा, तिची पहिलीच पायरी गुडघ्याएवढी. छोटी व्हॅन घ्या. बाटू केव्हजच्या गुहामंदिराला २७२ पायऱ्या आहेत. खालून मुरुगनची सोनेरी मूर्ती बघून समाधान मानायचं. पोर्ट क्लांगहून तिथे जायला तासाच्या वरच लागतो, माझ्या मते तेवढ्यासाठी जिजीला हलवू नये. पेनांग बरं. तिथल्या टेकडीवर रेल्वेने चढता येतं. जुन्या गावात मात्र दुकानांपुढच्या ओट्यांची पातळी दर दाराला बदलते, खुर्ची रस्त्यावरूनच न्यावी लागते.

आता घरून निघायचं. अमळनेरला रेल्वेगाडी थोडाच वेळ थांबते, तेवढ्यात जिजी चढणार नाही. धुळ्यावरून मोटारीनेच मुंबईला या, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर होतात. एक रात्र मुंबईत काढा. परतताना जहाज सकाळी लागलं तरी व्हीलचेअरची मदत मिळायला वेळ जातो, म्हणून त्या दिवशी दुपारचं विमान नको. माझ्याकडे राहा. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना ते बघा, कारण जहाजाने परत येणं हा दुसरा प्रवेश असतो. विमा काढताना जिजीचा मधुमेह आणि गुडघा लिहून घ्यायला लावा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल आपल्या मेडिक्लेममध्ये बहुधा बसत नाही.

खुर्चीची उघडी रुंदी, वॉकरची रुंदी आणि विटांची परीक्षा, एवढं कळवा. केबिनचं मी इथून विचारून ठेवतो.

जिजीला नमस्कार, बंटीला आशीर्वाद.

तुमचा,
भूषण