बारावा स्केटर उतरतो तेव्हाचा बर्फ

प्रति,
टीडी गार्डन, बॉस्टन इथे बर्फ राखणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

मार्च 2025 मध्ये बॉस्टनला झालेली जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धा वरच्या रांगांतून पाहणाऱ्या प्रेक्षकांचं हे पत्र आहे. पुरुषांमध्ये इलिया मॅलिनिन, महिलांमध्ये अलिसा ल्यू, जोडीत रिकू मिउरा आणि र्युइची किहारा, आइस डान्समध्ये मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्स जिंकले. त्यांचं कौतुक त्या त्या रात्रीच भरभरून झालं. तुमचे आभार मानायचे राहून गेले, ते आता मानतो. पत्र उघडं आणि मराठीत लिहिण्याचं कारण असं की परदेशातल्या ज्या मराठी घरांत हा खेळ आवडीने पाहिला जातो, त्यांनाही पुढच्या खेपेला मध्यंतरात नजर कुठे ठेवायची ते कळावं.

पुण्या-मुंबईकडे मुलं चाकांच्या स्केट्सवर शिकतात. तिथली फरशी सकाळी जशी असते तशीच रात्री असते. बर्फाचं तसं नाही. पहिला स्पर्धक उतरतो तो एक पृष्ठभाग आणि बारावा उतरतो तो दुसराच. या दोघांना शक्य तितका सारखा बर्फ मिळावा म्हणून जे काही केलं जातं, ते सगळं तुमच्या हातून होतं. आमचे आभार मुख्यतः त्यासाठी आहेत.

टीडी गार्डन हे एरवी आइस हॉकीचं आणि बास्केटबॉलचं घर. हॉकीला कडक बर्फ लागतो, उणे 5 ते उणे 6 अंशांच्या आसपासचा. त्यावर चकती झरझर पळते. तोच बर्फ फिगर स्केटरला दिला तर पात्याच्या पुढचे दात, म्हणजे टो पिक, आपटताच बर्फाचा टवका उडतो आणि पकड सुटते. म्हणून तापमान उणे 3 ते उणे 4 पर्यंत वर आणावं लागतं. त्याहून वर गेलं की पातं रुततं, उडीआधीचा वेग मरतो आणि खरवडलेल्या भुशाचे थर साचू लागतात. दोन्हीकडच्या चुकांमध्ये अंतर जेमतेम दोन-तीन अंशांचं. जाडीही बदलते. हॉकीला अडीच-तीन सेंटिमीटर पुरतो, फिगर स्केटिंगला 4 ते 5 लागतो, नाहीतर दातांनी पडलेला खड्डा खालच्या पांढऱ्या रंगाच्या थरापर्यंत पोचतो. पण जाडी वाढली की पृष्ठभाग खालच्या थंड नळ्यांपासून लांब जातो आणि यंत्रावर केलेला बदल वर उमटायला वेळ लागतो. म्हणून आता काय हवंय ते पाहून चालत नाही, दोन तासांनी काय होणार आहे ते ओळखून आत्ताच काटा फिरवावा लागतो.

दोन तासांनी आम्ही आत येणार असतो, हीच तुमची मोठी अडचण. हॉकीच्या मांडणीत त्या इमारतीत 17,850 लोक बसतात. नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण 100 वॉट उष्णता बाहेर पडते. घर भरलं की झाले जवळपास 18 लाख वॉट, वर प्रक्षेपणाचे दिवे. शिवाय हजारो श्वासांची आणि ओल्या कोटांची दमट हवा. ती थंड बर्फावर टेकली की दवासारखी गोठते आणि घसरण जड होते. म्हणून दारं उघडण्याआधीच बर्फ थोडा जास्त गार करून ठेवायचा आणि हवा कोरडी राखायची. पहिल्या गटाला तो किंचित कडक लागणार आणि घर भरेपर्यंत हवा तसा होणार, हा अंदाज फार नाजूक असतो.

आता खड्ड्यांकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे.

एकेरीच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्या, लांब भागात, 24 स्पर्धक असतात, सहा-सहांचे चार गट. प्रत्येक गटाला आधी सहा मिनिटांचा वॉर्म-अप. सगळ्यात जास्त खड्डे त्या सहा मिनिटांतच पडतात, कारण सहाही जण एकाच वेळी आपापल्या अवघड उड्या मारून पाहत असतात. लट्झ, फ्लिप आणि टो लूप या तीन उड्या दात रोवून घेतल्या जातात. लट्झसाठी मागे सरकत लांब वळण घेत कोपरा गाठावा लागतो आणि बहुतेक स्केटर डावीकडे गिरकी घेणारे असल्यामुळे त्यांचे खड्डेही ठरावीक कोपऱ्यांत एकमेकांशेजारी पडत जातात. वरून पाहिलं की तिथे पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका दिसतो. एकेका खड्ड्यात सुपारी सहज बसेल. ॲक्सेलची खूण निराळी असते. ती उडी पुढे तोंड करून, पात्याच्या कडेवरून घेतात, पातं क्षणभर आडवं घासत जातं आणि मागे कोयत्याच्या आकाराचा खरवडा राहतो. मॅलिनिनने सप्टेंबर 2022 मध्ये लेक प्लॅसिडला स्पर्धेतला पहिला यशस्वी चौपट ॲक्सेल टाकला, त्यात हवेत साडेचार फेऱ्या आहेत. एवढी फिरत घ्यायची तर त्या घासण्यालाही तसाच जोर लागतो.

जोडीच्या स्पर्धेतले खड्डे सगळ्यांत वाईट. डेथ स्पायरलमध्ये पुरुष एका पायाचे दात बर्फात रोवून स्वतःभोवती फिरतो आणि जोडीदारीण त्याच्या हाताला धरून बर्फालगत आडवी वर्तुळ घेत राहते. दात एकाच जागी फिरत राहिल्याने गिरमिटाने पाडावं तसं निमुळतं, खोल भोक पडतं. उडीचा खड्डा उथळ आणि पसरट असतो, तो दिसतो तरी. हे भोक तोंडाशी लहान असल्यामुळे भुशाने झाकलं जातं आणि दिसतच नाही. पात्याची जाडी साधारण 4 मिलिमीटर. उतरताना त्याचीही एकच कड टेकलेली असते आणि शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार तिच्यावर येतो. ती कड अशा भोकात गेली की पाय अडकतो, शरीर पुढे जातं आणि घोटा मुरगळतो. गुणपत्रिकेवर तो नुसता एक गुण वजा झालेला फॉल म्हणून दिसतो.

म्हणूनच बर्फ गुळगुळीत करणारं मशीन येण्याआधी तुमच्यातले काहीजण बादल्या घेऊन बर्फावर येतात, तेव्हा आम्ही जागा सोडत नाही. शेतात तण काढायला ओळ धरावी तसे तुम्ही अंतर ठेवून पसरता आणि खाली पाहत हळूहळू सरकता. बादलीत खरवडलेला बर्फ आणि गार पाणी कालवलेलं असतं. ते किती पातळ हवं यातच सगळं आलं. पाणी जास्त झालं तर ते गोठायला वेळ घेतं, मध्ये हवेचा बुडबुडा राहतो आणि जागा खाली बसते. कमी झालं तर भुसा नुसता दाबल्यासारखा राहतो आणि पहिल्याच पात्याबरोबर बुचासारखा उडून बाहेर येतो. वाळूचा किल्ला करताना मुलं जेवढी ओली वाळू घेतात, तेवढं ओलं हवं. खड्ड्यातला सुटा चुरा आधी काढायचा, मग मिश्रण तळापर्यंत कोंबायचं, दाबायचं, वरून सपाट करायचं. चुरा न काढता भरलं तर भर तळाला धरत नाही. वेळ कमी असेल तर गार वायूचा फवारा मारून ते झटकन गोठवावं लागतं. एका खड्ड्याला मोजकेच सेकंद मिळतात, खड्डे मात्र दोन्ही कोपरे भरून असतात.

मग मशीन. फ्रँक झांबोनी यांनी कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावात 1949 साली पहिलं चालतं यंत्र उभं केलं, तेव्हापासून त्याचं नावच या कामाला चिकटलं आहे. लोक त्याकडे कौतुकाने पाहतात, पण आत काय चाललंय ते क्वचित कोणाला माहीत असतं. पातं वरचा मिलिमीटरभर थर खरवडतं, मळसूत्र तो भुसा गोळा करून वर टाकतं, धुण्याचं पाणी खाचांतली घाण उचलतं आणि शेवटी मागचं जाड फडकं गरम पाण्याचा पातळ थर अंथरत जातं. पाणी साधारण 60 ते 70 अंशांचं. बर्फावर गरम पाणी कशाला, हा प्रश्न नवीन प्रेक्षक हमखास विचारतो. तापवलेल्या पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, त्यामुळे ते घट्ट आणि नितळ गोठतं. शिवाय ते खालचा थर किंचित वितळवून त्यात मिसळतं. गार पाणी टाकलं तर वर नुसती पापडी धरते आणि पहिल्या जोरदार उतरणीला ती फुटते.

एका फेरीला 400 ते 500 लिटर पाणी सहज लागतं. चालवणाऱ्याने वळणावर वेग कमी केला आणि पाणी तेवढंच सोडलं तर तिथे थारोळं साचतं. दोन पट्ट्यांची कड नीट एकमेकांवर आली नाही तर मध्ये वरंबा राहतो. मैदानाभोवतीच्या फळीच्या कडेला मशीनचं पातं पोचत नाही, तिथे बर्फ चढत जातो, तो वेगळ्या यंत्राने छाटावा लागतो. बॉस्टनचं मैदान हॉकीच्या मापाचं, सुमारे 61 बाय 26 मीटर. फिगर स्केटिंगमध्ये शक्यतो 60 बाय 30 वापरतात. रुंदी चार मीटरने कमी असली की स्केटर फळीच्या जास्त जवळून जातात, म्हणून तिथे या कडेच्या कामाला आणखी महत्त्व येतं.

मशीन बाहेर गेल्यावरची मिनिटं आम्हाला सगळ्यात आवडतात. बर्फ आरशासारखा चमकत असतो आणि चमकतोय तोवर तो तयार नसतो. चमक मावळून वर मंद, दुधी झाक आली की पाणी धरलं. त्याआधी दार उघडलं तर पहिल्याच वळणांच्या ओल्या खाचा पुढे दोन गट तशाच राहतात. उशीर केला तर अख्खं वेळापत्रक मागे पडतं आणि ताठ बसलेल्या स्नायूंचे सहा स्केटर बोगद्यात ताटकळतात. तो क्षण ओळखणारी नजर किती वर्षांनी तयार होत असेल!

बॉस्टनच्या शनिवारी तुमच्यापुढे आणखी एक पेच होता. दुपारी फ्री डान्स, म्हणजे आइस डान्सचा दुसरा भाग, संध्याकाळी पुरुषांचं फ्री स्केट. डान्सवाले उड्या मारत नाहीत, पण एका कडेवर शरीर झोकून लांब लांब वळणं घेतात. त्यांना संथ, एकसारखी घसरण लागते, एक खरखरीत पट्टाही त्यांना जाणवतो. त्याच रात्री त्याच बर्फावर चौपट उड्यांचा मारा होणार. ऑलिंपिकमध्ये तर शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगही याच मैदानावर असतं, 2018 ला गँगन्युंगला, 2022 ला बीजिंगला आणि 2026 ला मिलानला तसंच होतं. त्यांना पुन्हा कडक बर्फ हवा. दिवसातून असे सांधे बदलणाऱ्या तुमच्या तिथल्या सहकाऱ्यांनाही हे पत्र लागू समजावं.

आता आम्हा प्रेक्षकांकडून तुम्हाला काय मदत होऊ शकते, ते सोबतच्या मंडळींसाठी लिहितो. बर्फावर काही टाकू नका. मोकळी फुलं तर अजिबात नकोत. एक पाकळी किंवा रिबिनीचा तुकडा पांढऱ्यावर दिसत नाही आणि तो पात्याखाली आला की कड सुटते. पोशाखाची टिकली किंवा केसातली पिन पडलेली दिसली तर ओरडू नका, जवळच्या स्वयंसेवकाला जागा नेमकी दाखवा. तिकीट काढताना एका दिवशी तरी लांब बाजूच्या वरच्या भागातलं घ्या. फळीजवळ वेग आणि पात्याचा आवाज कळतो, पण बर्फाचा नकाशा वरूनच वाचता येतो. खाली बसणार असाल तर लोकरीचे मोजे आणि पाठीवर एक जास्तीचा थर हवाच, कारण गारवा पायांकडून चढतो. आणि खायला-प्यायला जायचं असेल तर मशीन फिरत असताना जा, बादल्या बर्फावर असताना नको.

मंडळी, त्या आठवड्यात शेवटच्या गटात उतरलेल्या प्रत्येकाला आपली उडी विश्वासाने टाकता आली, ती तुम्ही कोपऱ्यात गुडघे टेकून भरलेल्या जागांवरून. त्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या स्पर्धेत तुम्ही रिकाम्या बादल्या घेऊन दाराकडे परत जाल तेव्हा वरून टाळ्या ऐकू आल्या, तर त्या तुमच्यासाठी आहेत असं समजा आणि एकदा वर पाहा.

आपले कृतज्ञ,
वरच्या रांगांतले प्रेक्षक