आठवण: शनिवारचा चित्रपट आणि मदतनिधी

सभासद मित्रमैत्रिणींनो,

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला दादर पश्चिमेच्या आपल्या नेहमीच्या सभागृहात एलजीबीटीक्यू समाजाच्या सोबतीने चित्रपट बघायचा आहे. प्रवेशिका २०० रुपये. घर सोडावं लागलेल्या मुलामुलींच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी सगळी रक्कम जाईल; सभागृहाचं भाडं मंडळ भरतंय.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध, समलिंगी संबंधांसह, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून काढले. कायद्याने गुन्हा उरला नाही, पण मुंबईत खोली बघायला गेलं की "लग्न झालंय का? सोबत कोण राहणार?" हे सुरूच आहे. मागच्या खेपेला एक आई मुलाचा हात धरून शेवटच्या रांगेत बसली होती. दिवे लागले तरी तिने तो सोडला नाही. तेव्हा आईवडिलांना जरूर घेऊन या.

सभागृहात कुणाचेही फोटो काढू नका, ही कळकळीची विनंती. सगळ्यांनी घरी सांगितलेलं नसतं. आणि जो जे नाव सांगेल, त्याच नावाने हाक मारा.

प्रवेशिका शुक्रवारपर्यंत खजिनदारांकडून घ्या, दारावर मिळणार नाहीत. चहा आहे. खुर्च्या लावायला चार जण साडेपाचला हवेत, नावं आजच कळवा.